डाळ शिजेना, पोह्यांचा लगदा: रोजच्या स्वयंपाकातल्या या चुका टाळा

पुण्यातल्या नारायण पेठेतून उंड्रीला राहायला आलो आणि त्याच महिन्यात आमच्या घरातलं वरण बिघडलं. तीच तूरडाळ, तोच कुकर, त्याच चार शिट्ट्या. झाकण उघडावं तर डाळ तळाशी बसलेली आणि वर पिवळं पाणी. रवीने घोटायला गेलं की दाणा सरकून बाजूला व्हायचा. मी आधी कुकरची रिंग बदलली, मग शिट्टी बदलली. मग वाण्याशी जाऊन भांडले, जुनी डाळ गळ्यात मारलीत म्हणून. त्या बिचाऱ्याने माझ्यासमोर नवं पोतं फोडलं, तर ती डाळही तशीच. शेवटी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, डाळ काय बघतेस, पाणी बघ. तुमच्याकडे टँकर येतो ना?"

टँकर येत होता. पेठेत जन्मभर खडकवासल्याचं मऊ पाणी वापरलेलं, त्यामुळे पाणी हा स्वयंपाकातला जिन्नस आहे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी पिण्याच्या फिल्टरचं पाणी घालून अर्धी वाटी डाळ लावली आणि ती लोण्यासारखी शिजली. वाण्याकडे पुढचे दोन महिने मान खाली घालून जावं लागलं.

तेव्हापासून घरात काही बिघडलं की मी आधी विचारते, गेल्या वेळेपेक्षा यंदा काय बदललंय? तांदूळ, पीठ, पाणी, गॅस, हवा, यातलं काहीतरी बदललेलं असतं आणि आपण माप मात्र जुनंच धरून बसलेलो असतो. खालच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत.

डाळ शिजत नाही

टँकरचं पाणी बहुधा बोअरचं, आणि बोअरच्या पाण्यात कॅल्शियम जास्त असतं, म्हणून ते जड. डाळीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य शिजताना विरघळायला हवं. कॅल्शियम त्याला जाऊन चिकटतं आणि ते आणखी घट्ट होतं. मग शिट्ट्या कितीही काढा. ज्यांच्याकडे पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, त्यांनी डाळीसाठी फिल्टरचं पाणी वापरावं. तेही नसेल तर पाणी आधी खळखळ उकळून, निवळून, वरचं घ्यावं. जडपणाचा काही भाग त्या पांढऱ्या थरात खाली बसतो. डाळ भिजत घालायलाही हेच पाणी, ही गोष्ट मात्र सगळे विसरतात.

दुसरा गुन्हेगार आंबट. चिंचेचा कोळ, आमसूल, टोमॅटो हे डाळ पूर्ण शिजून घोटल्यावरच घालायचं. वेळ वाचावा म्हणून टोमॅटो डाळीबरोबरच कुकरला लावणारी मंडळी मला माहीत आहेत. त्यांची आमटी बघितली की कळतं. आंबटात डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते. मीठ मात्र उगाच बदनाम झालंय, त्याने डाळ अडत नाही.

तिसरं कारण खरंच जुनी डाळ. वर्षभर ठेवलेली तूरडाळ अर्धा-पाऊण तास भिजवून लावावी. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ पटकन मऊ होते, पण चव साबणाकडे झुकते आणि बी-१ जीवनसत्त्व जातं. अगदी पाहुणे दारात असतील तर घाला, रोज नको. डाळीवर थेंबभर तेल, हळद आणि हिंग मात्र रोज. तेलाने फेस दबतो आणि शिट्टीतून पिवळे फवारे ओट्यावर उडत नाहीत.

शिट्ट्या मोजू नका

"किती शिट्ट्या काढायच्या?" हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि आपण सगळे तोच विचारतो. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची आरोळी. मोठ्या गॅसवर चार शिट्ट्या तीन मिनिटांत होतात, बारीक गॅसवर पंधरा मिनिटं लागतात. इंडक्शनवर तर कुकर असा झटपट तापतो की पहिल्या शिट्टीपर्यंत डाळीला गरम व्हायलाही वेळ मिळालेला नसतो. गॅसवरून इंडक्शनवर गेलेल्या घरांत वरण कच्चं राहण्याचं हे एक मोठं कारण.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर आहे. उघड्या पातेल्यात पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कुकरमध्ये दाबामुळे ते १२० च्या जवळ जातं, म्हणून कुकर. हे तापमान किती मिनिटं टिकलं यावर डाळीचं शिजणं ठरतं. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा, घड्याळ लावा, तूरडाळीला दहा-बारा मिनिटं द्या. मग गॅस बंद करून कुकर आपोआप बसू द्या, कारण तो बसतानाही डाळ शिजत असते. शिट्टी चमच्याने उचलून वाफ सोडायची सवय घाईच्या घरात असतेच. तिने भात फुटतो, डाळ उतू जाते आणि कधीतरी हात भाजतो.

डाळीचं भांडं खाली, भाताचं वर. उलट लावलं तर भाताचा गिच्च गोळा आणि डाळ टणक, असा दुहेरी आनंद मिळतो.

भात: तांदूळ कुठला, ते आधी सांगा

एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण तांदूळ कुठला? आमच्याकडे इंद्रायणी. हा आंबेमोहोरापासून तयार केलेला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला वाण. मुळातच चिकट आणि वासाचा. नवा इंद्रायणी पावणेदोन वाट्या पाण्यातही होतो. तोच वर्षभर मुरला की दोनाच्या वर मागतो. जुन्या कोलमला अडीच लागतं. दिवाळीनंतर नवा तांदूळ घरात आला आणि माप तेच ठेवलं, तर भात चिकट होणारच, त्यात सुनेचा काही दोष नाही.

आणि इंद्रायणीचा भात मोकळा व्हावा अशी अपेक्षा करू नका. मोकळा हवा असेल तर दुसरा तांदूळ घ्या. वरण, तूप, लिंबू, इतकंच ताटात असेल तर मऊ भातच लागतो, हे माझं ठाम मत आहे.

पोहे

कोथरूडला एकटा राहणारा माझा भाचा रविवारी सकाळी हमखास फोटो पाठवतो. खाली एकच ओळ: "मावशी, परत लगदा."

चौकशी केली तेव्हा कळलं, तो पोहे भिजत घालायचा. पातेल्यात, पाण्यात, पाच मिनिटं. पोहे भिजवायचे नसतात, धुवायचे असतात. चाळणीत घेऊन नळाखाली हाताने हलवत दोन वेळा धुवायचे आणि चाळणी तिरकी करून दहा मिनिटं विसरून जायचं. धुतलेलं पाणी जे अंगाला राहतं, तेवढंच त्यांना पुरतं. दाणा चिमटीत दाबला की मोडला पाहिजे, पण पीठ होता कामा नये. मीठ आणि साखर याच वेळी पोह्यांवर घालून हलक्या हाताने मिसळा, म्हणजे कढईत फार ढवळावं लागत नाही. निम्मा लगदा ढवळण्याने होतो.

दुसऱ्या रविवारी पुन्हा फोटो. या वेळी त्याने दुकानातून पातळ पोहे आणले होते, ते चिवड्याचे! कांदेपोह्यांना जाडच हवेत. तिसऱ्या रविवारी पोहे कोरडे, चामट. ते पोहे फार दिवस बरणीत राहिलेले होते, त्यांना पाणी जास्त लागतं. असं झालं तर पाण्याचा हबका मारा, झाकण ठेवा, बारीक गॅसवर तीन मिनिटं दणदणीत वाफ येऊ द्या. लगद्याला मात्र फोडणीत पडल्यावर इलाज नाही. फोडणीच्या आधी लक्षात आलं तर परातीत पसरून पंख्याखाली ठेवता येतात. लिंबू गॅस बंद केल्यावर.

भाच्याने आता कांद्याबद्दल विचारलंय, किती परतायचा. काचेसारखा होईपर्यंत. तांबूस झाला की तो बिर्याणीचा.

फोडणी जळली तर टाकून द्या

वाचवायचा प्रयत्न करू नका, चमचाभर तेलाचंच नुकसान आहे. जळकी हळद आख्ख्या आमटीत उतरते. तेल पुरेसं तापलंय का हे बघायला मोहरीचे चार दाणे टाकायचे. ते तडतडले तर बाकीची मोहरी, मग जिरं, मग गॅस बारीक करून हिंग, आणि हळद अगदी शेवटी, लगेच वरून कांदा किंवा डाळ ओतण्याच्या तयारीनिशी. लोखंडी कढलं गॅस बंद केल्यावरही तापत राहतं, हे नॉनस्टिकवरून लोखंडाकडे परतलेल्यांनी ध्यानात ठेवावं. मोहरी न तडतडता कडवट लागली, तर तेल थंड होतं.

साबुदाण्याची खिचडी

संकष्टीच्या दिवशी किती घरांत खिचडीचा गोळा होत असेल! साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ स्टार्च. आपल्याकडचा बराचसा तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो. पाणी जास्त झालं की स्टार्च खळ होतो, संपला विषय.

आधी पांढरं पाणी जाईपर्यंत दोन-तीनदा धुवा. मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवा, नखभर वर चालेल. चार-पाच तासांनी दाणा दोन बोटांत दाबून बघा, मधे कण लागत असेल तर हबका मारून आणखी तासभर. प्रत्येक वेळी दाबून बघाच, कारण साबुदाण्याचा प्रत्येक लॉट निराळं पाणी पितो. नायलॉन साबुदाणा खिचडीला घेऊ नये, तो चिवड्यासाठी तळायचा.

दाण्याचं कूट भरपूर आणि कोरडं असावं. ते प्रत्येक दाण्याला चिकटून दोन साबुदाण्यांच्या मधे उभं राहतं. मीठ-साखर कुटासकट साबुदाण्यात आधीच मिसळा. फार ओला झालाच तर पंचावर पसरा, किंवा सरळ उकडलेला बटाटा घालून थालीपीठ लावा आणि कुणाला सांगू नका.

पोळी आणि भाकरी

पोळी कडक होते त्याची कारणं दोन: कणीक घट्ट, किंवा तवा गार. गार तव्यावर पोळी भाजत नाही, वाळते. पाकिटातल्या पिठाला गिरणीच्या पिठापेक्षा निराळं पाणी लागतं, लोकवनला एक आणि खपलीला दुसरं. म्हणून वाटीने पाणी मोजू नका, बोट दाबून खळगा हळूहळू भरतो का ते बघा. तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा.

गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावलं की आत घाम सुटतो, वास लागतो, किडे लवकर होतात. परातीत पसरून गार करा, मग भरा. तव्यावरून उतरलेल्या पोळ्या थेट बंद डब्यात टाकू नयेत, खालची ओली होते. आधी जाळीवर, मग फडक्यात.

ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे भाकरीला गव्हासारखा ताण येत नाही. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी कडेने फाटते. थापणाऱ्या हाताला तेव्हा काही करता येत नाही. अशा पिठात उकळतं पाणी घालून मळलं की स्टार्च चिकट होतो आणि भाकरी जुळते. त्याहून बरं म्हणजे मालदांडीचं पीठ दहा-पंधरा दिवसांपुरतंच दळून आणावं.

विरजण

मे महिन्यात पाच तासांत दही आंबट, जानेवारीत दुसऱ्या दिवशी दुपारीही दूधच. पुण्यात हिवाळ्यातल्या पहाटे पारा दहाच्या आसपास उतरतो, ओट्यावर उघडं ठेवलेलं विरजण कसं लागेल? थंडीत लोक विरजण जास्त घालतात. त्याने दही लवकर आंबतं, पण घट्ट होत नाही. विरजण लिटरला दोन चमचेच ठेवा आणि ऊब वाढवा. दूध बोट सहज टिकेल एवढं कोमट, भांडं जाड फडक्यात गुंडाळून पिठाच्या डब्यात किंवा रिकाम्या कोमट कुकरमध्ये. एकदा लागायला ठेवलं की हलवून बघू नका. दह्याला तार सुटत असेल तर विरजण बिघडलंय, शेजारून नवं मागून आणा.

शिळा भात

फोडणीच्या भातासाठी रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवायची आपली जुनी रीत आहे. मी लहानपणी तोच खाल्ला आणि त्यासारखी न्याहारी नाही, हेही खरं. पण तांदळात बॅसिलस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि उबदार भातात वाढून विष तयार करतात. ते विष सकाळी परतल्यानेही जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. शिवाय गार भाताचे दाणे सुटे होतात, फोडणीत मोडत नाहीत. कांदा, शेंगदाणे, कढीपत्ता, वर दही. इंद्रायणीचा असेल तर थोडा चिकटेलच, त्याला तेल चमचाभर जास्त घाला.