रेडिमेड गेमिंग पीसी घेताय? आधी कॅबिनेट उघडून बघा की

सुट्टे पार्ट आणून जोडत बसणं सगळ्यांना जमतंय असं नाही, त्यामुळं रेडिमेड पीसी घेण्यात कमीपणा काही नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा, जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात छापतात, म्हणजे प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि लाईटवाले पंखे, तिथं विकणारा पैसा घालतो आणि ज्याचं नाव कोण विचारत नाही तिथं वाचवतो. आपण नेमकं तेच विचारायचं.

१. पैसे द्यायच्या आधी

पहिला प्रश्न एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या पार्टना वीज पुरवणाऱ्या डब्याचा. "७५० वॉटचा आहे ओ" हे काय उत्तर नव्हे, कंपनी आणि मॉडेल पाहिजे. ८० प्लसचा स्टिकर बघून पण लगेच भुलू नका, तो फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो, शॉर्ट झालं तर एसएमपीएस वेळेवर बंद होईल का हे त्यावरनं कळत नाही. २०२१ मध्ये गिगाबाईटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे ८० प्लस गोल्डचा स्टिकर असलेले एसएमपीएस रिव्ह्यूवाल्यांच्या टेस्टमध्ये फुटले आणि कंपनीला ठरावीक सिरीयलचे बदलून द्यायची सोय करावी लागली. म्हणून मॉडेलचं नाव टाकून रिव्ह्यू वाचाच.

मग रॅम. १६ जीबी म्हणजे ८-८ च्या दोन स्टिक की एकच? एकच असली तर ड्युअल चॅनल, म्हणजे दोन वाटांनी एकदम डेटा जाणं, मिळत नाही आणि बऱ्याच गेममध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) कमी होतात. नुसतं "आय७ गेमिंग पीसी" लिहून स्वस्तात देत असतील तर कितवी जनरेशन ते विचारा, तिसऱ्या जनरेशनचा आय७ २०१२ चा आहे. काही मोठ्या कंपन्या मदरबोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच मापाचे बसवतात, उद्या ते गेलं की बाजारातला साधा पार्ट त्यात बसत नाही, मग निपाणी-खानापूरच्या माणसानं स्पेअर शोधत कुठं फिरायचं? आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून घ्या, दुकानदार तोंड वाकडं करील, करू दे.

२. खोकं आल्यावर

लगेच बटण दाबू नका! खोकं फोडताना सलग व्हिडिओ काढा. मग बाजूची काच काढा (तिच्यावर वॉरंटीचं सील असलं तर आधी विकणाऱ्याला विचारा), बऱ्याचदा आत पॅकिंगचा फोम असतो तो काढायचा राहतो. पुण्या-बेंगळुरूहून ट्रकमध्ये आदळत आलेलं जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधनं हललंय का, कूलर सैल झालाय का, रॅम दोन्ही टोकांना नीट बसलीय का, वायर पंख्याला घासतेय का, हे सगळं बघा. हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे स्टॅटिक जाईल. नवीन कार्डांचा १६ पिनचा पॉवर कनेक्टर शेवटपर्यंत आत गेलाच पाहिजे, अर्धवट राहिला की तापून वितळतो.

३. जोडताना

मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावा, वर मदरबोर्डला नको. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर पीसीला शिव्या घालायच्या आधी घरचं अर्थिंग तपासा. पावसाळ्यात आपल्याकडं लाईट जा-ये करते म्हणून यूपीएस घेताय तर ६०० व्हीएचा साधारण ३६० वॉटच देतो, मोठं कार्ड असलं तर गेम चालू असताना लाईट गेली की तो पण बसणार.

४. चालवून बघा

जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर लावा, खोटं कार्ड असलं तर ते बहुतेक वेळा नावापुढं तसं दाखवतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्क तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्या एसएसडीचे वापराचे तास हजारात दिसले तर ती जुनी आहे. डीडीआर५ ६००० ची रॅम ४८०० वर चालत असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम पूर्ण स्पीडला चालवायची सेटिंग, चालू करा, बऱ्याचदा हे बंदच ठेवून पाठवतात. इंटेलची १३वी-१४वी जनरेशन असेल तर बायोस अपडेट करायलाच पाहिजे, व्होल्टेजच्या भानगडीमुळं काही प्रोसेसर खराब होत होते आणि २०२४ मध्ये कंपनीनं त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधनं येणारी प्रोसेसरची दुरुस्ती) काढला, वॉरंटी पण २ वर्षं वाढवली.

मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर लावून तासभर जड गेम खेळा. कार्ड ८० डिग्रीच्या आसपास गेलं तर चालतंय, पण प्रोसेसर सुरू केल्या-केल्या १०० ला टेकत असेल तर कूलर नीट बसला नाही किंवा त्याच्या बुडाचं प्लास्टिक काढायचंच राहिलंय. काच काढून परत खेळा, तापमान धाडकन १० डिग्री उतरलं तर कॅबिनेटमध्ये हवाच खेळत नाही असं समजा, पुढनं बंद काच असलेल्या कॅबिनेटात हे हमखास.

५. घोळ निघाला तर

हे सगळं रिटर्नची मुदत संपायच्या आत उरका. वॉरंटीचं सील स्वतः फोडू नका, तक्रार फोनवर न करता मेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहून करा. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाईन आहे, तिथं मराठीत बोलता येतं. आणि विकणारा पुण्याचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रार आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे आपण बेळगाव जिल्ह्यातले तर बेळगावातच.