उन्हाळी टोमॅटो आणि सोलरच्या गरम पाण्यावरची कोल्ड रूम

नारायणगाव-जुन्नर पट्ट्यातले बरेच जण विचारतायत की गरम पाण्यावर थंडावा होतो कसा. बुटाच्या खोक्यात ती छोटी पुडी येते ना, तीच सिलिका जेल या मशीनमध्ये भरलेली असते. मशीनमधली हवा काढलेली असते म्हणून पाण्याची वाफ कमी तापमानालाच होते, ती वाफ कोरडी जेल ओढून घेते आणि मागे उरलेलं पाणी गार पडतं, आपल्या माठासारखंच. जेल भरली की ६० ते ९० डिग्रीचं पाणी फिरवून ती सुकवायची, तोवर दुसरा कप्पा काम करतो. कॉम्प्रेसर नाही, पंप-पंख्यापुरती लाईट लागते.

पण आत पाणीच आहे आणि ते शून्याला गोठतं, त्यामुळे शून्याच्या आसपास थंडी लागणाऱ्या द्राक्षाला ही मशीन बिनकामाची, कोणी 'सगळ्या मालाला चालते' म्हणाला तर सरळ उठून या. टोमॅटोला मात्र १२ ते १४ डिग्रीच पाहिजे, १० च्या खाली गेला तर हिरवट माल नीट रंगत नाही.

खरा फरक तोडणीच्या वेळेने पडतो बघा. ५०० किलो माल दुपारी ३६ डिग्रीवर तोडला तर १४ वर आणायला साधारण १२ युनिट (लाईट बिलातलं युनिट तेच) उष्णता काढावी लागते, तोच सकाळी २४ वर असताना तोडला तर साडेपाच! आणि एक युनिट थंडाव्याला मशीन दोनेक युनिट उष्णता खाते, म्हणजे दुपारच्या मालासाठी छतावर पाणी तापवणाऱ्या सोलरच्या नळ्या दुप्पट. ८-९ च्या आत तोडा, क्रेट लगेच सावलीत घ्या.

नळ्यांवरची धूळ आठवड्याला पुसा, बोअरचं पाणी जड असेल तर क्षार धरतो तेही बघा. मागच्या मे मध्ये मी भर दुपारी रिकाम्या तापलेल्या नळ्यांत पाणी सोडलं, फटकन दोन नळ्या गेल्या, पाणी भरायचं ते पहाटेच. वळवानंतर हवा दमट झाली की कूलिंग टॉवर (मशीनची उष्णता बाहेरच्या हवेत सोडणारा भाग) नीट गार करत नाही, त्या दिवशी माल कमीच भरा.

एकट्याने घेऊ नका, महाग पडते, गटाने घेतली तर ठीक. आणि गरम पाणी व्यवस्थित येतंय तरी थंडावा रोज कमी होतोय असं झालं तर बहुतेक व्हॅक्यूम गळतोय, व्हॉल्व्ह स्वतः खोलू नका, मेकॅनिक येईपर्यंत क्रेट सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा.