अलॉयवरचे तांबूस ठिपके शेवटी गेले (माझा अनुभव)

लक्षण: गाडीच्या चांदीरंगी अलॉय चाकांवर मोहरीएवढे तांबूस ठिपके, धुतल्यावरही बोटाला खरखर. कोल्हापूरहून महिन्यातून दोनदा करूळ घाट उतरतो, त्यामुळे पुढच्या चाकांवर जास्त.

शाम्पू, रॉकेल, टूथपेस्ट सगळं झालं. एका वॉशिंग सेंटरवर ॲसिड मारलं, तर एक चाक कायमचं पांढुरकं पडलं. डोकंच फिरलं. त्यावर कोटिंग (संरक्षक थर) केलं, तेही खरखरीवरच बसलं.

हे ठिपके म्हणजे मळ नव्हे. ब्रेक डिस्क-पॅडचे तापलेले लोखंडी कण क्लिअर कोटमध्ये (चाकाच्या रंगावरचा पारदर्शक थर) रुततात आणि तिथंच गंजतात.

असं केलं: चाक पूर्ण गार, गाडी सावलीत. आधी साध्या शाम्पूनं धुतलं. मग ओल्या चाकावर आयर्न रिमूव्हर (लोखंडी कण विरघळवणारा फवारा). मिनिटभरात जांभळे ओघळ सुटतात, वास कुजक्या अंड्यासारखा (घरात करू नका, शिव्या बसतील). तीन-चार मिनिटांनी, वाळू न देता, मऊ ब्रशनं घासून भरपूर पाणी. ओघळ जांभळे येणं थांबेपर्यंत पुन्हा. मला तीनदा लागलं. उरलेल्या खरखरीवर शाम्पूचं पाणी मारून क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) हलक्या हातानं. पूर्ण कोरडं करून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं. मग व्हील कोटिंगचे चार-पाच थेंब ॲप्लिकेटरवर (लावायच्या छोट्या पॅडवर) घेऊन एकेक आरा उभा-आडवा. इंद्रधनुषी झाक दिसली की लगेच मायक्रोफायबरनं पुसायचं, उशीर झाला तर डाग राहतो. चोवीस तास पाणी नाही.

आता नुसत्या पाइपच्या पाण्यानं काळी धूळ निघते. पांढुरकं चाक मात्र तसंच आहे.