कार्यालयातील फॅक्स आणि मल्टिफंक्शन प्रिंटर : कोणता तांत्रिक शब्द कुठे लागतो

मल्टिफंक्शन प्रिंटर बिघडला की बहुतेक कार्यालयांतून सर्व्हिस इंजिनिअरला फोनवर एकच वाक्य सांगितले जाते : "प्रिंट नीट येत नाही." एवढ्यावरून कोणता सुटा भाग सोबत घ्यावा हे त्याला कळत नाही. तो लोकलने फोर्टपर्यंत येतो, मशीन उघडून पाहतो आणि लागणारा भाग लॅमिंग्टन रोडवरून आणण्यासाठी दुसऱ्या दिवसाची वेळ देऊन परत जातो. त्याऐवजी "एडीएफमधून (झाकणावरील कागद ओढणाऱ्या भागातून) कॉपी काढली की उभी काळी रेघ येते, काचेवरून काढली तर येत नाही" असे सांगता आले, तर दोष कुठे आहे हे फोनवरच ठरते आणि बहुधा त्याला यावेही लागत नाही. पुढील शब्द याच हेतूने निवडले असून, त्यांचा वर्णानुक्रम न लावता कागद आणि सिग्नल ज्या वाटेने जातात त्या क्रमाने ते घेतले आहेत.

मूळ कागद वाचणारा भाग

झाकण उचलल्यावर दिसणारी मोठी काच म्हणजे फ्लॅटबेड किंवा प्लेटन ग्लास. झाकणावर बसवलेला, कागदांचा गठ्ठा एकेक करून आत ओढणारा भाग म्हणजे ऑटोमॅटिक डॉक्युमेंट फीडर, अर्थात एडीएफ. मोठ्या काचेच्या बाजूला बोटभर रुंदीची आणखी एक काचेची पट्टी असते, तिला स्लिट ग्लास म्हणतात आणि एडीएफमधून जाणारा कागद याच पट्टीवरून वाचला जातो. फ्लॅटबेडवर कागद स्थिर असतो व स्कॅनर सरकतो, तर एडीएफमध्ये स्कॅनर स्थिर असतो व कागद सरकतो. त्यामुळे स्लिट ग्लासवर चिकटलेला व्हाइटनरचा एक कण प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत रेघ उमटवतो, आणि मोठ्या काचेवरील तसाच कण फक्त एक ठिपका देतो. रेघ दिसली की मशीन बंद करून ही पट्टी धागे न सोडणाऱ्या, किंचित ओलसर कापडाने पुसावी. द्रव थेट काचेवर फवारू नये. स्टेपलर पिना काढल्याशिवाय आणि व्हाइटनर पूर्ण वाळल्याशिवाय कागद एडीएफमध्ये घालू नये, ही शिस्त कार्यालयातील प्रत्येकाला लावणे अगत्याचे आहे.

एडीएफचे दोन प्रकार खरेदीच्या वेळी विचारून घ्यावेत. आरएडीएफ कागदाची एक बाजू वाचून तो आतल्या आत उलटतो आणि दुसरी बाजू वाचतो. ड्युअल स्कॅन किंवा सिंगल पास फीडर दोन्ही बाजू एकाच फेरीत वाचतो, त्यामुळे वेळ वाचतो आणि कागद अडकण्याची शक्यताही कमी होते. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रे अशी कामे असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी : अनेक लहान मशीनची काच ए४ मापाची असते, मात्र एडीएफ लीगल कागद घेतो. लीगल कागद ३५६ मिलीमीटर लांब आणि ए४ कागद २९७ मिलीमीटर, म्हणून लीगलची प्रत ए४वर पूर्ण बसवायची तर झूम ८३ टक्के ठेवावा लागतो. ए३वरून ए४साठी ७१ टक्के आणि ए४वरून ए३साठी १४१ टक्के.

डेन्सिटी म्हणजे प्रतीचा गडदपणा. रंगीत स्टॅम्प पेपरची प्रत काळपट येत असेल तर डेन्सिटी कमी करण्याआधी बॅकग्राउंड रिमूव्हल वापरून पाहावे, कारण डेन्सिटी कमी केल्यावर सही आणि शिक्काही फिकट होतात.

छापणारा भाग

लेसर मशीनमध्ये सर्वाधिक गोंधळ टोनर आणि ड्रम या दोन शब्दांचा होतो, आणि त्या गोंधळात खर्चही सर्वाधिक होतो. टोनर ही बारीक भुकटी आहे. ड्रम हा प्रकाशाला संवेदनशील लेप दिलेला दंडगोल आहे : त्यावर विद्युतभार दिला जातो, लेसर अक्षरांच्या जागचा भार बदलतो, टोनर त्या जागी चिकटतो आणि तेथून कागदावर उतरतो. यानंतर कागद फ्यूझरमधून जातो, जिथे उष्णता आणि दाबाने टोनर वितळून कागदाला कायमचा धरतो. काही मशीनमध्ये टोनर आणि ड्रम एकाच कार्ट्रिजमध्ये असतात, काहींमध्ये वेगवेगळे. आपले मशीन कोणत्या प्रकारचे आहे हे माहीत नसेल, तर ड्रम संपलेला असताना टोनर पुन्हा पुन्हा भरून घेतला जातो आणि प्रत काही सुधारत नाही.

दोष कोणत्या भागाचा आहे हे छापलेल्या पानावरूनच बरेचसे ओळखता येते. अक्षरे बोटाने घासल्यावर निघत असतील, तर एक तर फ्यूझर पुरेसा तापत नाही किंवा जाड कागद घालूनही पेपर टाइपमध्ये साधा कागद निवडलेला आहे. आधी सेटिंग तपासावी, मग फ्यूझरचा विचार करावा. पानभर फिकटपणा असेल तर टोनर संपत आला आहे किंवा टोनर सेव्ह मोड चालू राहिला आहे. एकच डाग पानावर ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उमटत असेल, तर तो कुठल्या तरी फिरत्या भागावर आहे, आणि ते अंतर त्या भागाच्या घेराएवढे असते. ३० मिलीमीटर व्यासाच्या ड्रमचा घेर सुमारे ९४ मिलीमीटर होतो, म्हणजे ए४ पानावर तो डाग साधारण तीनदा दिसेल. पट्टीने हे अंतर मोजून इंजिनिअरला सांगावे. कोणता रोलर किंवा ड्रम बदलायचा याचा तक्ता त्याच्याजवळ सहसा असतो.

कागद आत ओढणाऱ्या रबरी रोलरला पिकअप रोलर म्हणतात, आणि दोन कागद एकत्र जाऊ नयेत म्हणून खाली असणाऱ्या भागाला सेपरेशन पॅड. ट्रेमध्ये कागद असूनही मशीन "नो पेपर" किंवा "जॅम" दाखवत असेल, तर बहुतेक वेळा पिकअप रोलर गुळगुळीत झालेला असतो. दोन-तीन कागद एकदम जात असतील तर पॅड झिजलेला असतो, किंवा कागद दमट झालेला असतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात दुसरे कारण आधी गृहीत धरावे. रिमचे वेष्टन ओलावा अडवण्यासाठीच असते. ते फोडून कागद उघडा ठेवला की तो हवेतील दमटपणा शोषतो, वळतो, फ्यूझरमध्ये सुरकुततो आणि टोनरही नीट धरत नाही. म्हणून पावसाळ्यात ट्रेमध्ये दिवसभराच्या कामापुरताच कागद भरावा आणि उरलेली रिम वेष्टनात बंद करून कपाटात ठेवावी. कागदाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे प्रति चौरस मीटर ग्रॅममध्ये सांगतात. रोजच्या कामाला ७० ते ८० जीएसएम योग्य असतो, आणि त्याहून बराच जाड कागद, पाकिटे किंवा लेबले बाजूच्या बायपास ट्रेमधून द्यावीत, कारण तिथली वाट कमी वळणांची असते.

टोनरच्या खोक्यावरील पानांची संख्या म्हणजे यील्ड. काळ्या लेसर टोनरसाठी ती आयएसओ १९७५२ या मानकाच्या चाचणीने ठरते, आणि त्या चाचणी-पानाचा साधारण ५ टक्केच भाग शाईने भरलेला असतो. तक्ते, लेटरहेड व ठळक मथळे छापणाऱ्या कार्यालयाला तेवढी पाने मिळणार नाहीत, हे अंदाजपत्रक करतानाच धरावे. ड्युटी सायकल हा आकडा मात्र मशीन महिन्यात जास्तीत जास्त किती ताण सोसेल एवढेच सांगतो. खरेदीचा निर्णय त्याच्या शेजारी दिलेल्या, बऱ्याच लहान असलेल्या शिफारस केलेल्या मासिक पानसंख्येवरून घ्यावा.

फॅक्स

अमेरिकेतील रुग्णालये व विमा व्यवहार आणि जपानमधील अनेक कार्यालये आजही फॅक्स वापरतात, त्यामुळे त्यांच्याशी काम असणाऱ्या मुंबईतील कार्यालयांना हा भाग टाळता येत नाही. सध्याची जवळजवळ सर्व मशीन ग्रुप ३ या पद्धतीची आहेत. ही पद्धत १९८० साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ठरली.

मशीनच्या मागे दोन सारखे सॉकेट असतात. लाइन सॉकेटमध्ये भिंतीकडून येणारी तार लावायची आणि एक्स्ट सॉकेटमध्ये टेलिफोन. ही अदलाबदल झाल्याने "डायल टोन नाही" अशी तक्रार वारंवार येते. कार्यालयात ईपीएबीएक्स (कार्यालयाचे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) असेल आणि बाहेरच्या लाइनसाठी शून्य दाबावे लागत असेल, तर साठवलेल्या नंबरमध्ये शून्यानंतर पॉज घालावा, नाहीतर लाइन मिळण्याआधीच पुढचे अंक निघून जातात.

नंबर लागल्यावर पाठवणारे मशीन थोड्या थोड्या वेळाने ११०० हर्ट्झचा छोटा सूर देते, त्याला सीएनजी म्हणतात; घेणारे मशीन २१०० हर्ट्झचा लांब सूर देते, तो सीईडी. यानंतर दोन्ही मशीन वेग, कागदाचे माप आणि रेझोल्यूशन आपसात ठरवतात, या टप्प्याला हँडशेक म्हणतात. फॅक्स/टेल मोडमध्ये मशीन स्वतः फोन उचलून सीएनजी ऐकू येतो का ते तपासते आणि न आल्यास माणसासाठी घंटी वाजवते. स्वतंत्र लाइन असेल तर हा मोड न ठेवता सरळ ऑटो रिसीव्ह निवडावा.

रेझोल्यूशनकडे मराठी मजकूर पाठवणाऱ्याने विशेष लक्ष द्यावे. स्टँडर्ड रेझोल्यूशनमध्ये आडवे दर मिलीमीटरला ८ बिंदू वाचले जातात, पण उभ्या दिशेने फक्त ३.८५ ओळी. इंग्रजी मजकूर एवढ्यावर वाचता येतो. देवनागरीत मात्र अनुस्वार, रफार आणि वेलांट्या शिरोरेषेच्या वर अगदी थोड्या जागेत बसतात, तर उकार आणि जोडाक्षरांचे पाय खाली. दोन ओळींमध्ये पाव मिलीमीटरहून जास्त अंतर असल्यावर अनुस्वार पुसला जाण्याची किंवा शिरोरेषेत मिसळण्याची शक्यता वाढते, आणि सातबारा किंवा करारातील नाव चुकीचे वाचले जाऊ शकते. फाइन मोडमध्ये ७.७ ओळी मिळतात. मराठी कागदासाठी हेच किमान समजावे. लहान टाइपासाठी सुपरफाइन निवडावा, मात्र घेणाऱ्या मशीनला तो येत नसेल तर हँडशेकमध्ये कमी रेझोल्यूशन ठरते. पाठवण्याला लागणारा जास्तीचा वेळ आणि कॉलचा खर्च येथे सोसण्यासारखा आहे.

ईसीएम म्हणजे एरर करेक्शन मोड. यात पानाची माहिती लहान तुकड्यांत जाते आणि बिघडलेला तुकडा पुन्हा मागवला जातो. वेगाचे टप्पे ३३६००, १४४००, ९६०० आणि ४८०० बिट प्रति सेकंद असे खाली येतात, त्यातला ३३६००चा सुपर जी३ ईसीएमशिवाय चालत नाही. तांब्याच्या लाइनवर ईसीएम नेहमी चालू ठेवावा. अडचण येते ती इमारतीत फायबर आल्यावर, कारण तेव्हा आवाज इंटरनेटच्या पॅकेटांतून जातो आणि एखादे पॅकेट हरवले की बोलणाऱ्याला ते जाणवत नाही, पण फॅक्स तुटतो. अशा वेळी सेवा देणाऱ्या कंपनीला टी.३८ मिळते का हे विचारावे. फॅक्स पॅकेटांतून नेण्यासाठीच ते मानक केलेले आहे. ते नसेल तर लाइनवर आवाज फार दाबणारा जी.७२९ कोडेक (आवाज डिजिटल करण्याची पद्धत) नको, जी.७११ हवा असे स्पष्ट मागावे. मशीनमध्ये वेग ९६०० करून पाहावा, आणि तरीही कॉल तुटत असेल तरच शेवटचा उपाय म्हणून ईसीएम बंद करून पोहोचलेले पान समोरच्याकडून तपासून घ्यावे, कारण मधल्या ओळी गळू शकतात.

पानाच्या वरच्या कडेला छापली जाणारी तारीख, नंबर आणि नावाची ओळ म्हणजे हेडर. त्यात ९१ २२ धरून संपूर्ण नंबर भरावा आणि घड्याळ बरोबर आहे ना हे पाहावे, कारण वाद झाल्यावर हीच ओळ पाहिली जाते. ट्रान्समिशन रिपोर्टवरील "ओके"चा अर्थ समोरच्या मशीनने पान स्वीकारल्याचे कळवले, एवढाच आहे. तिकडे कागद किंवा टोनर संपला असेल तर पान मेमरीतच थांबलेले असू शकते, म्हणून मुदतीच्या कागदानंतर फोन करून खात्री करावी. आपल्याकडे असे मेमरी रिसेप्शन झाले असेल तर कागद भरण्याआधी मशीनचा मुख्य स्विच बंद करू नये, कारण काही मशीनमध्ये वीज जाताच साठवलेली पाने नाहीशी होतात.

स्कॅन आणि नेटवर्क

स्कॅन टू ई-मेलसाठी मशीनमध्ये एसएमटीपी (ई-मेल पाठवणारा) सर्व्हर, पोर्ट आणि पासवर्ड भरावा लागतो. पोर्ट सहसा ५८७ असतो. जीमेल वापरत असल्यास २०२२ पासून नेहमीचा पासवर्ड तेथे चालत नाही, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून अॅप पासवर्ड तयार करावा लागतो. स्कॅन टू फोल्डर एसएमबी, म्हणजे नेटवर्कवरील फोल्डर सामायिक करण्याच्या, पद्धतीने चालते. जुने मशीन फक्त एसएमबी १ जाणत असेल तर नव्या विंडोज संगणकावर ते थांबते, आणि त्यासाठी संगणकात एसएमबी १ पुन्हा चालू करणे धोक्याचे आहे : २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्यात याच जुन्या पद्धतीतील त्रुटी वापरली गेली होती. मशीनच्या फर्मवेअरचा (आतील सॉफ्टवेअरचा) अपडेट मिळतो का ते पाहावे, नाहीतर ई-मेल किंवा पेन ड्राइव्ह वापरावा. मशीन अधूनमधून "ऑफलाइन" दिसत असेल तर बहुधा राउटरने त्याचा आयपी पत्ता बदललेला असतो. राउटरमध्ये तो पत्ता मशीनसाठी राखून ठेवावा.

साध्या नोंदीसाठी २०० डीपीआय (दर इंचाला बिंदू) पुरतो. ओसीआर (चित्रातील अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणे) करून शोधता येणारी पीडीएफ हवी असेल तर ३०० ठेवावा, आणि ओसीआरच्या भाषांत मराठी किंवा हिंदी आहे का हे आधी पाहावे. जुन्या मराठी डीटीपी फाँटमधील पीडीएफ छापताना अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे येत असतील, तर सहसा फाँट फाइलमध्ये एम्बेड केलेला, म्हणजे फाइलमध्येच समाविष्ट केलेला, नसतो. प्रिंटच्या प्रगत पर्यायांत "प्रिंट अॅज इमेज" निवडल्यावर पान बरोबर येते, अर्थात ज्या संगणकावर ते पडद्यावर नीट दिसते तेथूनच छापावे.

सिक्युअर प्रिंट म्हणजे मशीनसमोर पिन टाकेपर्यंत न छापले जाणारे काम. पगारपत्रके आणि वैद्यकीय कागद नेहमी याच मार्गाने छापावेत. मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते आणि स्कॅन, फॅक्स व छापलेल्या कामांच्या प्रती तिच्यावर राहू शकतात. भाड्याने घेतलेले मशीन परत करताना अॅड्रेस बुकची छापील प्रत काढून घ्यावी, मीटर रीडिंगवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात, आणि इंजिनिअरकडून डेटा ओव्हरराइट आपल्यासमोर पूर्ण करून घेतल्याशिवाय मशीन हलवू देऊ नये.