लेकीची लस आणि आईची तपासणी, एकाच महिन्यात कशी उरकायची

दिवाळीत चुलत बहिणीकडे गेले होते, तिची मुलगी १२ वर्षांची. एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर टाळणाऱ्या लसीचा विषय निघाला आणि बहिणीने शाळेच्या ग्रुपवरचे मेसेज दाखवायला सुरुवात केली, एकीने लिहिलेलं तीन डोस लागतात, दुसरीने लिहिलेलं छे एकच पुरतो, तिसरीने लिहिलेलं की नंतर मूलच होत नाही. मी सगळं वाचलं आणि तिला विचारलं, तुझी स्वतःची तपासणी कधी झालीय? तर म्हणाली, "मला काय झालंय?" ती ४१ वर्षांची आहे. त्या "मला काय झालंय" वरनंच हे लिहायला घेतलंय, कारण या आजाराची सगळी गोची तिथेच आहे, काही होत नसतं तेव्हाच तपासायचं असतं.

आधी आजार समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जातं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो. हा व्हायरस शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका कॉमन आहे की बहुतेक सगळ्यांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो, त्यात चारित्र्याचा काही संबंध नाही, एकाच नवऱ्यासोबत संसार केलेल्या बाईलाही होतो. बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत तो आपोआप जातो. काही जणींच्या अंगात मात्र ठाण मांडून बसतो आणि मग १५-२० वर्षांनी त्याचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे बघा, आपल्याला १५ वर्षं मिळतात! एवढा वेळ देणारे कॅन्सर फार कमी आहेत, आणि तरी २०२२ मध्ये भारतात सव्वा लाखाहून जास्त बायकांना हा कॅन्सर झाला आणि ८० हजारांच्या आसपास बायका गेल्या. मला हा आकडा वाचून खरंच रडू आलं होतं.

आता लस. ९ ते १४ हे वय सगळ्यात चांगलं, शरीरसंबंध सुरू व्हायच्या बऱ्याच आधी. लोक विचारतात एवढ्या लहान पोरीला कशाला, तर उत्तर हेच की व्हायरस आल्यावर लस त्याला बाहेर काढू शकत नाही, ती फक्त यायच्या आधी अडवते. पाळी सुरू झालेली असो नसो, फरक पडत नाही.

किती डोस घ्यायचे, यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक नावाची लस आहे, तिला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, मंजुरीप्रमाणे ९ ते १४ वयाला दोन डोस सहा महिन्यांच्या अंतराने आणि १५ ते २६ ला तीन. डॉक्टर हेच सांगतील, त्यांचं बरोबर आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ९ ते २० वयाला एक डोस दिला तरी चालेल, २१ च्या पुढे दोन. म्हणजे ग्रुपवरच्या दोघीही खोटं बोलत नव्हत्या, एक १५ च्या पुढच्या मुलींच्या मंजुरीचं बोलत होती आणि एक नव्या अभ्यासांचं.

आणि हे अभ्यास कुठे झाले ते ऐका, कारण मला स्वतःला हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. एक आपल्याच देशात झाला, बार्शी आणि पुणे धरून नऊ ठिकाणी. २००९ मध्ये सुरू झाला तेव्हा प्लॅन होता २० हजार मुलींना दोन किंवा तीन डोस द्यायचा. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्रातल्या, आताच्या तेलंगणातल्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदऱ्यात वेगळाच एक लसीकरणाचा प्रकल्प चालू होता, तिथे सात मुली दगावल्या. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचं दिसलं नाही, पण संमतीच्या फॉर्मवर आईवडिलांऐवजी हॉस्टेलच्या वॉर्डननी, हेडमास्तरांनी सह्या केल्याचं बाहेर आलं आणि त्यावर जो राग उठला तो योग्यच होता. एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडचं लसीकरण थांबवलं, या अभ्यासाचंसुद्धा. तोपर्यंत १७,७२९ मुली त्यात आल्या होत्या आणि जवळपास ५ हजार मुलींना एकच डोस मिळून थांबला होता. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले, आणि २०२१ मध्ये निकाल छापून आला की या व्हायरसच्या १६ आणि १८ नंबरच्या प्रकारांचा (जास्त कॅन्सर यांनीच होतात) ठाण मांडून बसणारा संसर्ग अडवायला एक डोस सुमारे ९५ टक्के परिणामकारक ठरला, तीन डोसवाल्यांच्या बरोबरीने! मग केनियात मुद्दाम असाच अभ्यास केला, १५ ते २० वयाच्या २,२७५ मुली, तिथेही एका डोसला १८ महिन्यांनंतर ९७ टक्क्यांच्या पुढे निकाल आला. आज जगभरात कितीतरी देश एका डोसवर आलेत, त्याच्या मुळाशी आपल्याकडच्या या अर्धवट डोस मिळालेल्या पोरी आहेत.

म्हणून माझं सांगणं असं की पैसे आणि वेळ असेल तर डॉक्टर म्हणतील तो कोर्स पूर्ण करा, पण दोन डोसचे पैसे जमल्यावर बघू असं करून वर्षं घालवू नका, पहिला आत्ता द्या. सर्व्हाव्हॅक बाजारात आली तेव्हा डोसची किंमत २,००० रुपये होती, नऊ प्रकारांवर चालणारी बाहेरची लस कितीतरी महाग आहे. १६ आणि १८ हे दोन मुख्य प्रकार दोन्हीत आहेत, त्यामुळे महागडी परवडत नाही म्हणून काहीच न देणं हा सगळ्यात वाईट पर्याय. दवाखान्यात जायच्या आधी आशाताईंना किंवा पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा की तुमच्या भागात मुलींना सरकारी लस मिळतेय का, मिळत असेल तर तीच घ्या. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, मुलीला एचआयव्ही असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर एकावर भागत नाही, किमान दोन आणि जमलं तर तीन.

लसीच्या दिवशी मुलीला उपाशी नेऊ नका. या वयातल्या पोरी सुईच्या भीतीनेच चक्कर येऊन पडतात, ते लसीचं विष नसतं, म्हणून बसवून किंवा आडवं करून टोचायला सांगा आणि नंतर १५ मिनिटं तिथेच बसा. दंड दुखेल, थोडी कणकण येईल एखादा दिवस. आधीच्या कुठल्या लसीने जोरात अ‍ॅलर्जी आली असेल किंवा यीस्टची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. आणि मुलीला काय म्हणून सांगायचं हा प्रश्न बहिणीने पण विचारला होता, तिला मी म्हटलं सरळ सांग, मोठेपणी होणारा एक कॅन्सर आहे तो होऊ नये म्हणून हे इंजेक्शन, तिला तेवढं पुरतं, आणि तिने पुढे काही विचारलंच तर तिला उत्तर द्या, गप्प बसवू नका. खम्ममसारखं तिला अंधारात ठेवून काही करू नये असं मला मनापासून वाटतं.

मूल होत नाही वाल्या मेसेजचं काय? तसा काही संबंध सापडलेला नाही, कोट्यवधी डोस होऊन गेलेत. फक्त गरोदरपणात ही लस देत नाहीत, पुढे ढकलतात, बहुधा त्यातनंच कुणीतरी भलतं काढलं असावं. उलट काय सापडलंय ते बघा, स्वीडनमध्ये १६ लाखांहून जास्त मुली-बायकांची नोंद तपासली तेव्हा १७ च्या आत लस घेतलेल्यांमध्ये हा कॅन्सर ८८ टक्के कमी दिसला. स्कॉटलंडमध्ये २००८ पासून शाळेतच लस देतात, तिथे १२-१३ व्या वर्षी पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये या कॅन्सरची एकही केस सापडली नाही, असं २०२४ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात दिसलं. एकही नाही! असा मेसेज पुन्हा आला की भांडत बसू नका, हे स्कॉटलंडचं तेवढं टाका.

मुलगा असेल तरी सर्व्हाव्हॅकला मुलांसाठीही मंजुरी आहे, पण पैसे मोजकेच असतील तर आधी मुलगी.

आता आईकडे या. लेकीला लस देऊन आई निर्धास्त होते आणि स्वतःचं विसरते, माझा सगळा जीव याच्यावरच तुटतो. लस लेकीला आहे, तुमच्या अंगात व्हायरस १० वर्षांपासून असेल तर त्याला कोण बघणार?

आपल्याकडच्या सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी आहे. पीएचसीत, उपजिल्हा रुग्णालयात किंवा सिव्हिलमध्ये केसपेपर काढायचा आणि सरळ सांगायचं, "पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करायचीय." लाजून "पोटात दुखतं" वगैरे सांगू नका, गोळ्या देऊन परत पाठवतील. पाळी चालू नसताना जा, आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायची औषधं नकोत. साडी किंवा सैलसर ड्रेस घाला, बाई डॉक्टर किंवा नर्स हवी असेल तर मागा, तो तुमचा हक्क आहे. आत काय करतात, तर स्पेक्युलम नावाच्या उपकरणाने मार्ग थोडा उघडतात, पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड म्हणजे साधारण आपल्या व्हिनेगरसारखं लावतात, मिनिटभर थांबतात, पेशी बिघडलेल्या असतील तर तिथे पांढरा चट्टा दिसतो. याला व्हीआयए म्हणतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण पाच-दहा मिनिटांत बाहेर. पाळी गेलेल्या बायकांमध्ये मात्र ती जागा आत सरकते आणि नीट दिसत नाही, म्हणून पन्नाशीच्या पुढे असाल तर पॅप (तिथल्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) किंवा एचपीव्ही डीएनए टेस्ट (व्हायरसच आहे का ते बघणं) होते का ते विचारा.

परवडत असेल तर ३० नंतर कुठल्याही वयात एचपीव्ही डीएनए टेस्टच चांगली. हे मी म्हणत नाही, उस्मानाबाद म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांनी ते जगाला दाखवून दिलंय. १९९९ मध्ये बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून खेड्यांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. काही गटांत एचपीव्ही टेस्ट, काहींत पॅप, काहींत व्हीआयए आणि काहींत नुसती नेहमीची सेवा. आठ वर्षांत एचपीव्ही टेस्टच्या गटात या कॅन्सरने ३४ बायका गेल्या आणि तपासणी न केलेल्या गटात ६४. एकदाच केलेल्या टेस्टने मृत्यू निम्म्यावर! तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल नंतर बरीच टीका झाली आणि मला ती पटते, त्या ६४ जणीही कुणाच्या तरी आयाच होत्या. जागतिक आरोग्य संघटना आज ३० नंतर दर ५ ते १० वर्षांनी ही टेस्ट करा म्हणते, त्यामागे या बायकांचा मोठा वाटा आहे, आणि आपल्याच भागातल्या किती जणींना हे माहीत आहे?

या टेस्टची अजून एक चांगली गोष्ट म्हणजे सॅम्पल स्वतः घेता येतं, छोटा ब्रश किंवा स्वॅब आत फिरवून ट्यूबमध्ये टाकायचा. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२ पासून तपासणीला येणाऱ्या प्रत्येक बाईला हा पर्याय आहे. लॅबला फोन करून विचारा, आणि एक नक्की विचारा की रिपोर्टमध्ये १६ आणि १८ वेगळे दाखवता का, कारण धोका त्यांचा जास्त.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर? तो कॅन्सरचा रिपोर्ट नाही, व्हायरस आहे एवढंच. पुढे दुर्बिणीतून बघतात, म्हणजे कोल्पोस्कोपी, आणि खराब पेशी दिसल्या तर बऱ्याचदा गरम प्रोबने त्या जाळून टाकतात, अ‍ॅडमिट व्हावं लागत नाही. पण जा मात्र, रिपोर्ट कपाटात ठेवून देऊ नका. नवऱ्यावर संशय घेऊन घरात भांडणं काढू नका, व्हायरस कधी आला ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि हे जरा ठासून सांगते. "पांढरं जातंय, पिशवी काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल" असं कुणी म्हणालं तर ऑपरेशनला हो म्हणायच्या आधी ही तपासणी मागा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या ८२ हजारांहून जास्त बायकांची सरकारी समितीने माहिती घेतली तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, कितीतरी जणी अगदी तरुण. त्यातल्या अनेकींना कॅन्सरची भीती घातली होती. भीती खरी की खोटी ते दहा मिनिटांच्या तपासणीत कळलं असतं.

एचआयव्ही असलेल्या बायकांना हा कॅन्सर व्हायचा धोका सहापट आहे, त्यांनी ३० ची वाट न बघता २५ पासून आणि दर ३ ते ५ वर्षांनी तपासायचं, एआरटी सेंटरमध्ये औषधं घ्यायला जाता तिथेच विचारा.

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्येच जाणं, वास येणारं पाणी जाणं, यातलं काही असेल तर मात्र कुठल्याही शिबिराची वाट बघू नका, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. लस घेतलेल्या मुलींनाही ३० नंतर तपासणी आहेच, १६ आणि १८ मिळून साधारण ७० टक्के कॅन्सर होतात, उरलेले दुसऱ्या प्रकारांनी.

घरी आल्यावर मुलीच्या लसीकरणाच्या कार्डावर लसीचं नाव, तारीख, बॅच नंबर लिहून घ्या, सहा महिन्यांनी दुसरा डोस असेल तर फोनमध्ये रिमाइंडर लावा, आणि त्याच कार्डाच्या मागे आईच्या तपासणीची तारीख आणि निकाल लिहा. बहिणीने असंच केलंय, लेकीचा डोस शनिवारी झाला आणि तिची स्वतःची तपासणी पुढच्या बुधवारी, निगेटिव्ह आली. आता ती जावेला घेऊन जाणार आहे, जाऊबाई पण म्हणतायत मला काय झालंय.