दीनियातचा (इस्लामी धर्मशिक्षणाचा) तास घेताना या चुका टाळा

"आपा, माझी आई नमाज चुकीची पढते का?" चौथीतल्या मुलाने मला, म्हणजे त्याच्या बाईंना, भर वर्गात विचारलं. आदल्या दिवशी त्याच्या वहीत लाल खूण मीच केली होती.

रायगड-रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शिकवणारे मौलाना पुष्कळदा उत्तर प्रदेश-बिहारकडचे, हनफी. सुन्नी मुसलमानांच्या या दोन परंपरा, नमाजच्या रीतीत थोडा फरक. आमचं नमाजचं पुस्तकही हनफी होतं. या मुलाची आई रुकूला (कमरेत वाकायला) जाताना आणि उठताना हात उचलते, फज्रच्या (पहाटेच्या नमाजच्या) दुसऱ्या रकातीत (आवर्तनात) कुनूत ही दुआ पढते. त्याने घरी पाहिलं तेच लिहिलं होतं आणि पुस्तकात नाही म्हणून मी ते चूक ठरवलं. नऊ वर्षांच्या पोराला आई आणि आपा यांत एकीला खोटं पाडायला लावलं, याची मला आजही खंत वाटते. तेव्हापासून जूनमध्येच विचारून घेते, घरचे शाफई की हनफी. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी-शेजारी लिहिते, दोन्ही बरोबर आहेत असं तोंडाने सांगते आणि पेपरात दोन्हीला गुण देते.

दुसरी चूक मराठी माध्यमात हमखास होते. मुलांना अरबी वाचता येत नाही म्हणून सूरह (कुरआनचे अध्याय) देवनागरीत लिहून द्यायच्या. पाठ पटकन होतात, पण उच्चार कायमचे बिघडतात. सूरह इख्लासचा पहिलाच शब्द घ्या. मोठ्या क़ाफ या अरबी अक्षराने 'क़ुल' म्हणजे 'सांग'. साध्या काफने 'कुल' म्हटलं तर अर्थ होतो 'खा'! आपला 'क' म्हणताना जीभ जिथे टेकते, त्याच्याही मागे, पडजिभेपाशी हा क़ाफ निघतो. सीन, साद आणि से या तीन अरबी अक्षरांना तर देवनागरीत एकच 'स'. म्हणून आधी नूरानी कायदा (अरबी अक्षरओळखीचं पुस्तक), रोज दोनच अक्षरं, प्रत्येक मुलाकडून वेगळं म्हणवून. देवनागरी अर्थापुरती ठेवा. अर्थ मात्र मराठीतच सांगा; कठीण उर्दूत सांगितलेला अर्थ या मुलांच्या डोक्यावरून जातो.

संमतीपत्राचा कंटाळा करू नका. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत ते असलं, तरी पालकांच्या संमतीशिवाय कुणाला बसवता येत नाही. संविधानाचं कलम 28 तसं सांगतं. 'आपलीच तर मुलं आहेत' हे कारण चालत नाही. जी मुलं बसणार नाहीत त्यांना व्हरांड्यात ताटकळत ठेवू नका, त्यांच्यासाठी वाचनाचा तास लावा.

आणि सातवी-आठवीच्या मुलींबद्दल. पाळीच्या दिवसांत त्या कुरआन हातात घेत नाहीत. "आज का नाही पढत?" असं सगळ्यांसमोर विचारलं की मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून ठेवा : ज्याला पढायचं नसेल त्याने सीरतचं (पैगंबरांच्या चरित्राचं) पुस्तक घेऊन मागच्या बाकावर बसावं, कारण सांगायची गरज नाही. मुलगेही कधीकधी तिथे जाऊन बसतात. बसू द्या. आणि हजेरीत त्या दिवसाची वेगळी खूण करू नका.