घरच्या आर्केड कॅबिनेटचे किट: निवड, जोडणी आणि तारा

आर्केड कॅबिनेटचे, म्हणजे पडदा, जॉयस्टिक आणि बटणे बसवलेल्या व्हिडिओ गेमच्या उभ्या पेटीचे, किट निवडताना नजर आधी पेटीच्या रंगीत बाजूंवर जाते, परंतु निर्णयाची सुरुवात खेळांच्या यादीपासून व्हायला हवी, कारण पडदा आडवा की उभा, जॉयस्टिक चार दिशांची की आठ दिशांची आणि बटणे किती, हे सारे त्या यादीवरूनच ठरते. ‘पॅक-मॅन’ (1980) आणि ‘स्पेस इन्व्हेडर्स’ (1978) हे खेळ उभ्या पडद्यासाठी रचलेले आहेत. ‘स्ट्रीट फायटर 2’ (1991) या खेळाला आडवा पडदा, आठ दिशांची जॉयस्टिक आणि प्रत्येक खेळाडूस सहा बटणे लागतात. आजच्या 16:9 प्रमाणाच्या आडव्या पडद्यावर उभा खेळ लावल्यास चित्र निम्म्याहूनही कमी रुंदी व्यापते, आणि मग मोठा पडदा घेऊनही खेळ चिंचोळाच दिसतो. दोन्ही प्रकारचे खेळ हवे असतील, तर 4:3 किंवा 5:4 प्रमाणाचा साधा मॉनिटर ही मला सर्वांत समंजस तडजोड वाटते.

तयार मिळणारी घरगुती कॅबिनेटे पुष्कळदा मूळ यंत्राच्या पाऊणपट आकाराची असतात. प्रौढ माणसाला त्यांवर वाकून खेळावे लागते किंवा कॅबिनेटखाली वेगळी बैठक द्यावी लागते, म्हणून उंचीचा आकडा चित्रावरून न ताडता मापांच्या तक्त्यात पाहावा. ‘किट’ हा शब्दही फसवा आहे. काही किटमध्ये केवळ कापलेल्या फळ्या येतात, काहींत जॉयस्टिक, बटणे आणि तारा असतात. पडदा, संगणक व स्पीकर वेगळे घ्यावे लागण्याची शक्यता धरूनच चालावे. फळ्यांची जाडी विचारून घ्यावी, कारण कडेच्या खाचेत बसणारी प्लॅस्टिकची पट्टी त्या जाडीइतक्याच रुंदीची लागते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी, सपाट आणि रंगाला चांगले असते, परंतु ते जड असते आणि ओलाव्याने फुगते. प्लायवूड हलके असते व स्क्रू अधिक घट्ट धरते. जोडलेली पेटी खोलीच्या दारातून आत जाईल का, हे मात्र किट घेण्याआधीच मोजावे.

जोडणी प्रथम गोंदाशिवाय करून पाहावी. एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू पिळल्यास फळी उभी चिरते, म्हणून आधी बारीक छिद्र पाडावे आणि शेवटचे वळसे हाताने द्यावेत. गुण्या लावून कोपरे तपासावेत. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमधील तिरकी अंतरे सारखी भरली, तरच चौकट काटकोनात आहे असे समजावे. कापलेल्या कडा रंग शोषून घेतात, तेव्हा त्यांवर प्रायमर देऊन, वाळल्यावर घासून, मगच रंग लावावा. घासताना मास्क हवाच, कारण एमडीएफची धूळ अतिशय बारीक असते.

खरी कसोटी कंट्रोल पॅनेलची, म्हणजे जॉयस्टिक आणि बटणे बसतात त्या फळीची. जपानी धाटणीची बटणे साधारणपणे 30 किंवा 24 मिलिमीटरच्या छिद्रात बसतात, तर अमेरिकी धाटणीच्या बटणांना सुमारे 28 मिलिमीटरचे छिद्र लागते. तारांच्या टोकांची मापेही बदलतात, म्हणून बटणे एका ठिकाणची आणि तारा दुसऱ्या ठिकाणच्या, असा मेळ शक्यतो टाळावा. प्रत्येक बटणाखाली मायक्रोस्विच असतो. त्याला तीन टोके असल्यास सामाईक टोक आणि एरवी उघडे राहणारे टोक, एवढी दोनच वापरायची असतात. तिसरे टोक चुकून जोडले गेले, तर बटण सतत दाबलेले असल्यासारखे वागते. सामाईक टोकांमधून ग्राउंडची एकच तार साखळीसारखी फिरवता येते, आणि प्रत्येक बटणाची दुसरी तार एन्कोडर नावाच्या छोट्या पट्टीवर जाते. ही पट्टी यूएसबीमार्गे संगणकाला जोडली जाते. जॉयस्टिकच्या बाबतीत नवखा माणूस हमखास चकतो: दांडा वर ढकलला की त्याचे खालचे टोक उलट दिशेला सरकते, त्यामुळे ‘वर’ची तार खेळाडूच्या बाजूच्या स्विचला जोडावी लागते.

संगणक म्हणून रास्पबेरी पाय 4 हा एकाच छोट्या पट्टीवरचा संगणक घेतल्यास त्याला 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा वीजपुरवठा द्यावा आणि तो बंद करताना वीज एकदम तोडू नये, कारण त्याने मेमरी कार्डावरील माहिती बिघडू शकते. जुन्या आर्केड यंत्रांवरचे खेळ संगणकावर चालवणारे, 1997 साली सुरू झालेले ‘मेम’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मात्र त्यावर चालणाऱ्या खेळांचे हक्क त्यांच्या मालकांकडेच असतात. खेळ वैध मार्गानेच मिळवावेत. पडदा टीव्हीचा असल्यास त्यातील ‘गेम मोड’ सुरू करावा, नाहीतर बटण दाबणे आणि पडद्यावरची उडी यांतला उशीर जाणवत राहतो.

मुख्य विजेची तार पेटीच्या आत पक्की बांधावी, म्हणजे बाहेरून ओढली गेली तरी जोड सुटणार नाही, आणि उष्णता बाहेर पडण्यासाठी मागे वरच्या व खालच्या बाजूंना झरोके ठेवावेत. मागची फळी चिकटवू नये, स्क्रूनेच बसवावी; एखादे बटण रुसले की पहिल्यांदा तीच उघडावी लागते.